पदवी नसलेल्या पोलीसप्रमुखाची शाळा



दरवर्षी बारावीचे निकाल लागले की दोन-चार मुलेमुली पालकांना घेऊन माझ्या खोलीत येतात. कोणाला पोलीस खात्यात जायचे असते, कोणाला अग्निशमन दलात, तर कोणाला आपत्ती व्यवस्थापनात. त्यांचे डोळे चमकत असतात आणि मला फार बरे वाटते. मग प्रश्न सुरू होतात. उंची किती लागते? रोज किती धावावे? कोणता क्लास लावावा? शिकायचे काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मी लोकप्रशासन या विषयाचे नाव काढले की चेहरे उतरतात. कचेरीतल्या फायलींचा आणि वर्दीचा काय संबंध, असे त्या चेहऱ्यांवर लिहिलेले असते.

खरे सांगायचे तर हा विषय हिंदी माध्यमातून शिकताना मलाही तसेच वाटत असे. पोस्डकॉर्ब नावाचा एक अवघड शब्द आम्ही घोकला होता. प्रशासनाची सात कामे त्यात गुंफलेली आहेत: नियोजन, संघटन, कर्मचारी, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. परीक्षेत गुण मिळाले आणि शब्द विसरलो. या सात कोरड्या शब्दांमागे माणसांचे जीव असतात, हे पुढे एका चरित्राने मला शिकवले. ते चरित्र ऑगस्ट व्होल्मर यांचे. अमेरिकेत त्यांना आधुनिक पोलीस व्यवस्थेचे जनक म्हणतात. गंमत अशी की पोलिसांना विद्यापीठाची वाट दाखवणाऱ्या या माणसाकडे स्वतःची पदवी नव्हती.

पोरका मुलगा, पोस्टमन आणि धावता डबा

व्होल्मर यांचा जन्म ७ मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. आईवडील जर्मनीहून आलेले होते. ऑगस्ट आठ वर्षांचे असताना वडील वारले. आई मुलांना घेऊन काही काळ जर्मनीला गेली, पुन्हा न्यू ऑर्लिन्सला आली आणि शेवटी कुटुंब पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात स्थिरावले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे बर्कले हे गाव त्यांचे घर झाले. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठ होते, पण ऑगस्ट यांच्या नशिबी ते नव्हते. शाळा लवकर सुटली. टंकलेखन, लघुलेखन व हिशेब ठेवणे अशी पोटापाण्याची विद्या तेवढी पदरात पडली. तरुणपणी त्यांनी भागीदारीत कोळसा आणि जनावरांच्या खाद्याचे दुकान चालवले. गावात स्वयंसेवी अग्निशमन दल उभे करण्यातही ते पुढे होते. म्हणजे लोकांच्या सुरक्षेचे काम त्यांनी बिनपगारी सुरू केले.

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. व्होल्मर सैन्यात भरती झाले आणि फिलिपिन्समध्ये लढले. परत आल्यावर १९०० साली ते पोस्टमन झाले. गल्लीबोळ, घरे आणि घरातली माणसे यांची खरी ओळख त्यांना याच नोकरीने करून दिली.

१९०४ मध्ये एक प्रसंग घडला. मालगाडीचा एक सुटा डबा उतारावरून आपोआप धावू लागला. पुढे स्थानकात प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. व्होल्मर यांनी धावत्या डब्यावर उडी घेतली आणि ब्रेक आवळला. अपघात टळला व गावभर त्यांचे नाव झाले. स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक फ्रेंड रिचर्डसन यांनी त्यांना टाउन मार्शलच्या निवडणुकीला उभे राहण्याचा आग्रह केला. मार्शल म्हणजे गावाचा मुख्य पोलीस. हे रिचर्डसन पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. एप्रिल १९०५ मध्ये व्होल्मर निवडून आले. वय होते २९ वर्षे आणि पोलिसाच्या कामाचा अनुभव शून्य.

न येणाऱ्याने विचारावे

त्या काळी अमेरिकेतील पोलिसांची प्रतिष्ठा फार खालची होती. नेमणुका राजकीय वशिल्याने होत. प्रशिक्षण असे नव्हतेच. काठी आणि बिल्ला दिला की माणूस पोलीस. जुगाराचे अड्डे हप्ते देऊन चालत. संशयिताला मारून कबुली घेणे यात कोणाला वावगे वाटत नसे.

व्होल्मर यांच्या हाताखाली सुरुवातीला जेमतेम तीन माणसे होती. आपल्याला काम येत नाही, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केले आणि इथेच त्यांचे मोठेपण सुरू झाले. दुसऱ्या शहरांची पोलीस दले काय करतात, याची माहिती ते मिळवू लागले. जे हाती पडेल ते वाचू लागले. गावात विद्यापीठ आहे तर तिथल्या प्राध्यापकांना विचारायला लाज कसली, असा साधा विचार त्यांनी केला. जीवशास्त्रज्ञ जॅक लोब तेव्हा बर्कलेत शिकवत असत. एका संशयास्पद मृत्यूच्या तपासात व्होल्मर त्यांच्याकडे गेले. गुन्ह्यांच्या तपासावर ऑस्ट्रियाचे हान्स ग्रोस यांनी केलेले लेखन वाचण्याचा सल्ला लोब यांनी दिला. रक्ताचा डाग, विषाचा अंश, मातीचा कण यांना वाचा फुटू शकते, हे या पोस्टमनला तिथे उमगले.

कामातही बदल होऊ लागले. पोलीस सायकलवर गस्त घालू लागले, तेव्हा आधी लोक हसले. पण चालत येणाऱ्या पोलिसापेक्षा सायकलवरचा पोलीस लवकर पोहोचतो, हे दिसल्यावर हसू थांबले. पुढे मोटारसायकली आल्या, मग मोटारी आल्या. बिनतारी यंत्र अजून पोलिसांच्या हाती आले नव्हते. म्हणून चौकाचौकात लाल दिवे टांगले गेले. ठाण्यात कोणी मदत मागितली की कळ दाबायची, दिवे लुकलुकायचे आणि गस्तीवरचा पोलीस जवळच्या पेटीतला टेलिफोन उचलून कुठे जायचे ते विचारायचा. आज हे खेळण्यासारखे वाटेल. पण मदत हवी असणारा आणि मदत करणारा यांच्यातली मिनिटे कमी करणे, हेच आजच्या ११२ क्रमांकाचेही काम आहे.

प्रत्येक गुन्ह्याची नोंद ठेवायला त्यांनी सुरुवात केली. चोर घरात कुठून शिरतो, कोणत्या वेळी येतो, काय नेतो, या सवयींचे कार्ड बनू लागले. एकच चोर पुन्हा पुन्हा त्याच रीतीने चोरी करतो, हे त्या कार्डांतून कळे. कोणत्या भागातून किती तक्रारी येतात, हे मोजून गस्तीचे विभाग पाडले गेले. ज्या मोहल्ल्यात वजनदार माणसे राहतात तिथे जास्त पोलीस, ही रीत मोडली.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भयंकर भूकंप झाला आणि पाठोपाठ आगी लागल्या. हजारो बेघर माणसे खाडी ओलांडून बर्कलेत आली. मार्शलला पदावर येऊन एकच वर्ष झाले होते. गावातल्या नागरिकांना तात्पुरते पोलीस नेमून त्यांनी व्यवस्था सांभाळली. गस्त, निवारा आणि अन्न ही कामे वेगवेगळी राहू शकत नाहीत, हा धडा त्या दिवसांत मिळाला. आज आपण त्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणतो.

पोलिसांसाठी शाळा

१९०८ मध्ये व्होल्मर यांनी आपल्याच शिपायांसाठी शाळा काढली. दुसऱ्याच वर्षी ते बर्कलेचे पोलीसप्रमुख झाले. शिपाई नोकरी सांभाळून वर्गात बसत आणि विद्यापीठाचे प्राध्यापक येऊन शिकवत. सुरुवात पोलिसी कामाची पद्धत, पुरावा आणि प्रथमोपचार यांपासून झाली. १९१७ पर्यंत तीन वर्षांचा अभ्यासक्रम तयार झाला होता. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, कायदा आणि त्यांच्या बरोबरीने पोलीस संघटन व प्रशासन हाही विषय होता. एक वर्ष आधी, १९१६ मध्ये, कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्या साथीने विद्यापीठातही गुन्हेशास्त्राचे वर्ग सुरू झाले होते.

पुढचे पाऊल याहून धाडसी होते. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना त्यांनी पोलिसात येण्याचे आमंत्रण दिले. दिवसा शिकावे, रात्री गस्त घालावी. वर्तमानपत्रांनी या कॉलेजच्या पोलिसांची भरपूर थट्टा केली. त्या मुलांचे पुढे काय झाले, ते पाहा. जॉन लार्सन शरीरक्रियाशास्त्रातले डॉक्टरेट होते आणि तरीही शिपाई म्हणून भरती झाले. १९२१ मध्ये त्यांनी श्वास आणि रक्तदाब यांची एकत्र नोंद करणारे यंत्र बनवले. तेच पुढे खोटे पकडणारे यंत्र म्हणून गाजले. ऑर्लँडो विल्सन १९२१ मध्ये विद्यार्थी असतानाच भरती झाले. पोलीस प्रशासनावर त्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून चालले आणि १९६० मध्ये शिकागोसारख्या महानगराचे पोलीस दल त्यांच्या हाती आले.

तिसरे वॉल्टर गॉर्डन. ते कृष्णवर्णीय होते, विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. १९१९ मध्ये व्होल्मर यांनी त्यांना नेमले. बर्कलेच्या दलातले ते पहिले कृष्णवर्णीय पोलीस. काही गोऱ्या शिपायांनी विरोध केला. ज्याला गॉर्डन यांच्यासोबत काम करायचे नाही त्याने आपला बिल्ला जमा करावा, एवढेच व्होल्मर यांनी त्यांना कळवले. गॉर्डन रात्री गस्त घालत आणि दिवसा कायदा शिकत. १९२२ मध्ये ते वकील झाले, पुढे व्हर्जिन आयलंड्सचे गव्हर्नर आणि मग न्यायाधीश झाले. १९२५ मध्ये एलिझाबेथ लॉसिंग या समाजसेविकेची पोलीस म्हणून नेमणूक झाली. वाट चुकलेल्या मुलामुलींचे काम त्यांच्याकडे होते. मुलगा गुन्हेगार होण्याआधीच त्याच्याकडे लक्ष जावे म्हणून शाळा, आरोग्य खाते आणि पोलीस एकत्र बसू लागले. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष भावते.

दर शुक्रवारी दलाची सभा भरे. तिथे कोणीही कोणाचीही चूक काढावी, प्रमुखांचीसुद्धा, अशी मुभा होती. पण मनात ठेवायचे नाही आणि बाहेर बोलायचे नाही. मारहाण करून कबुली घेण्यास व्होल्मर यांची सक्त मनाई होती. पुरावा शोधायला शिकलेल्या पोलिसाला हात उगारावा लागत नाही, असे ते मानत.

अपयशाचे वर्ष

१९२३ मध्ये लॉस एंजेलिस शहराने त्यांना एक वर्षासाठी पोलीसप्रमुख म्हणून बोलावले. बर्कले हे लहान विद्यापीठाचे गाव होते. लॉस एंजेलिस हे वेगाने वाढणारे महानगर होते, त्यात दारूबंदीचा काळ, चोरट्या दारूचा पैसा आणि त्या पैशात भागीदार असलेले पुढारी. व्होल्मर यांनी गुन्ह्यांची मोजदाद सुरू केली, परीक्षा घेऊन माणसे पारखली, वर्ग चालवले आणि दलाच्या दोषांवर सविस्तर अहवाल लिहिला. वर्ष संपले, ते परत गेले आणि अहवाल बाजूला पडला.

मुलांनो, हे अपयश मी मुद्दाम सांगतो आहे. हुशार अधिकारी आला म्हणजे सगळे आपोआप सुधारते, असा आपला समज सिनेमांनी करून दिला आहे. नगरपालिका, अंदाजपत्रक, नेमणुकीचे नियम आणि लोकमत साथ देत नसतील तर एका माणसाचे ज्ञान वर्षभरात वाहून जाते. म्हणूनच फक्त पोलिसी काम शिकून भागत नाही. शासनाचे यंत्र कसे चालते आणि कुठे अडते, हेही शिकावे लागते. व्होल्मर हे लॉस एंजेलिसमध्ये शिकले असावेत, कारण त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग बहुतेक याच कामात गेला.

१९२९ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक नेमले. मग बर्कलेच्या विद्यापीठाने बोलावले. तिथे ते १९३१ ते १९३७ या काळात राज्यशास्त्र विभागात हाच विषय शिकवत होते. लहानपणी ज्या विद्यापीठाचा दरवाजा त्यांच्यासाठी नव्हता, तिथेच ते गुरुजी झाले! अमेरिकी सरकारच्या विकरशॅम आयोगाचा पोलिसांवरचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला होता. पोलीसप्रमुख पुढाऱ्यांच्या मर्जीने बदलू नयेत, भरती कसोटी लावून व्हावी, प्रशिक्षण अनिवार्य असावे, अशा गोष्टी त्यात होत्या. आपल्याकडेही या प्रश्नांची चर्चा अजून संपलेली नाही. १९३२ मध्ये ते पोलीस सेवेतून निवृत्त झाले. १९३६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी व्यसनी माणसाला तुरुंगाआधी वैद्याची गरज आहे, अशी त्या काळी न रुचणारी बाजू मांडली. फाशीच्या शिक्षेलाही त्यांचा विरोध होता. १९४१ च्या डिसेंबरअखेर त्यांच्या घरी पोलीस प्रशिक्षण देणाऱ्या प्राध्यापकांची एक बैठक झाली. तिच्यातून पुढे अमेरिकेतील गुन्हेशास्त्रज्ञांची मोठी संस्था उभी राहिली. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी बर्कले येथेच, दीर्घ आजारानंतर, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांची जीवनयात्रा संपली.

तपासून घेण्याजोगे

थोरांचे चरित्र वाचताना डोळे मिटून नमस्कार करू नये. फिलिपिन्सच्या युद्धात शिकलेल्या लष्करी रीती व्होल्मर यांनी गावातल्या पोलिसात आणल्या, नागरिक आणि शत्रू यांतली रेघ त्यामुळे पुसट झाली, अशी टीका अलीकडचे अभ्यासक करतात. त्यांच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारी आणि आनुवंशिकता यांची सांगड घालणारा भागही होता. विज्ञानाने ती समजूत पुढे टाकून दिली. खोटे पकडणाऱ्या यंत्राचाही बोलबाला फार झाला. ते बनवणारे लार्सन स्वतःच त्याच्या गैरवापराने पुढे व्यथित झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला की अशी चाचणी कोणावर इच्छेविरुद्ध लादता येणार नाही. ज्याने शिकवले की पुराव्याशिवाय मानू नका, त्याचेही म्हणणे पुराव्यावर तपासावे, हीच त्याला योग्य गुरुदक्षिणा.

तुमच्यासाठी

आता तो घोकलेला शब्द पुन्हा पाहू. तक्रारी मोजून गस्त ठरवली, ते नियोजन. विभाग पाडले, ते संघटन. गॉर्डन आणि लॉसिंग यांना नेमले, ते कर्मचारी. मारहाणीला मनाई, ते निर्देशन. शाळा आणि आरोग्य खात्याबरोबर बैठक, तो समन्वय. चोरांची कार्डे, तो अहवाल. दिवे आणि मोटारींसाठी नगरपालिकेकडून पैसा मिळवणे, ते अंदाजपत्रक. पोस्डकॉर्ब हा शब्द ल्यूथर गुलिक यांनी १९३७ मध्ये मांडला. व्होल्मर यांनी ही सातही कामे त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर उतरवली होती.

आपल्या देशात या वाटा आज उघड्या आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय १९८७ पासून आहे. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत घडतात. अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय नागपूरला आहे. आपल्या इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त पद्धत लागू झाली आणि दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार पोलिसांकडे आले. अधिकार वाढले की ते वापरणाऱ्याचे शिक्षणही वाढायला हवे, नाही का?

तेव्हा पुढच्या वर्षी माझ्या खोलीत येणाऱ्या मुलामुलींनी जरूर धावावे, सकाळी लवकर उठून मैदानात जावे. पण संध्याकाळी टेबलाशीही बसावे. धावता डबा थांबवायला एक उडी आणि एक ब्रेक पुरला. शहर सुरक्षित ठेवायला व्होल्मर यांना सत्तावीस वर्षे शिकत राहावे लागले. आणि पालकांना विनंती, मुलीने वर्दीचे नाव काढले तर आधी घाबरू नका. ती काय शिकणार आहे, ते तिच्या शेजारी बसून विचारा.



आपला,
प्राचार्य